बाबलोची शिकवणी

२०२४च्या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी आईला फोन लावला तर एंगेज. पाच मिनिटांनी पुन्हा एंगेज. दहा मिनिटांनी लागला तेव्हा विचारलं, "कोणाशी बोलत होतीस एवढा वेळ?"

"कर्जवाली होती."

"तुला कर्ज कशाला हवंय?"

"मला नकोय रे. ती आपली सांगत होती."

खोदून विचारल्यावर कळलं, रेकॉर्ड केलेली जाहिरात होती. आईने ती शेवटपर्यंत ऐकली. 'पुन्हा ऐकण्यासाठी शून्य दाबा' म्हटल्यावर शून्य दाबून परत ऐकली. "मध्येच ठेवून दिलं तर बरं दिसत नाही ना," असं तिचं म्हणणं. मी हसलो, आणि फोन ठेवल्यावर मात्र कामात लक्ष लागेना.

आई गोव्यात म्हार्दोळला असते. छत्तीस वर्षं फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांतून शिकवलं. बाबा गेल्यापासून घरात एकटीच. मी पर्वरीला. अंतर तसं पाऊण तासाचं, पण शनिवारखेरीज जाणं होत नाही. आमच्याकडे ये म्हटलं की ती म्हणते, "घराला कुलूप लावून बसायला मी काय गणपती आहे, दीड दिवसाने पोचवायला?" सकाळ तिची ठीक जाते. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघायची, देवळात जायचं, मासे घ्यायचे, पेपर. संध्याकाळी शेजारपाजार असतो. वाईट ती दुपारची तीन ते पाच. तेव्हा सगळा वाडा झोपलेला असतो आणि आईला लहानपणापासून दुपारी झोप येत नाही.

पोटापाण्यासाठी मी हिशेबाची सॉफ्टवेअरं सांभाळतो. भाषेच्या मॉडेलांशी हौसेपुरताच संबंध. पण घरी बारा जीबीचं ग्राफिक कार्ड असलेला जुना संगणक धूळ खात होता, आणि त्या कर्जवालीपेक्षा बरं बोलणारं काहीतरी आपल्याला नक्की जमेल असा अहंकार होता. तिथून सुरुवात झाली.

रचना सांगायला सोपी आहे. आईच्या घरी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, त्याला जोडलेला माइक आणि स्पीकर. आई बोलते, आवाज इंटरनेटवरून पर्वरीच्या संगणकावर येतो. तिथे एक मॉडेल आवाजाचं अक्षर करतं, दुसरं त्याला उत्तर लिहितं, तिसरं ते उत्तर बोलतं. ऐकायला व्हिस्पर, उत्तराला गूगलचं जेमा २, त्यातलं ९ अब्ज पॅरामीटरवालं, म्हणजे आत तेवढे आकडे असलेलं, आणि ते आकडे ढोबळ करून, पिळून चार बिटांवर आणलेलं. बारा जीबीत तिघांना बसवायचं म्हणजे शाळा सुटल्यावरची कदंब बस. एकाला नीट बसवलं की दुसऱ्याचं दप्तर दारात अडकायचं.

पहिला आवाज ईस्पीकचा होता. फुकट, हलका आणि पत्र्याचा. आईने दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "ह्याच्या घशात काटा अडकलाय. भाताचा गोळा दे त्याला." डिसेंबरात आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतने भारतीय भाषा बोलणारं पार्लर जातीचं मॉडेल खुलं केलं तेव्हा कुठे माणसासारखा आवाज मिळाला. त्याची गंमत अशी की आवाज कसा हवा ते वाक्यात लिहून द्यायचं: तरुण मुलगा, सावकाश बोलणारा, जवळून, घुमणारा नको. मी लिहिलं, आणि एका अनोळखी मुलाने माझ्या खोलीत म्हटलं, "नमस्कार बाई." मलाच जरा कसंतरी झालं.

बाबांचा आवाज वापरायचा विचार आला नव्हता असं नाही. व्हॉट्सअॅपवर त्यांचे आवाजी निरोप आहेत, बहुतेक गॅस संपल्याचे आणि केबलवाला न आल्याचे. आवाजाची नक्कल करायला तेवढे पुरले असते. एका रात्री ती फाइल उघडून बसलोही होतो. पण बाबा जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचं आणि आईने दुपारी तीन वाजता ते ऐकायचं, हे पटेना. फाइल मिटली.

आकड्यांनी मात्र जीव खाल्ला. '१९७४' दिसलं की आवाज अडखळायचा किंवा भलतंच बोलायचा. उपाय एकच, आकडे आधी अक्षरात लिहून द्यायचे. इंग्रजीत हे तीसेक शब्दांत भागतं. मराठीत एक ते शंभर प्रत्येकाचा शब्द निराळा, म्हणजे शंभर ओळींचा तक्ता हवा. मी मारे ऐटीत बनवला आणि आईला दाखवला. तिने चष्मा लावला, आणि त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर, एकोणनव्वद असे सात ठिकाणी लाल शाईचे गोल आले. "चौथीत पाढे घोकून घेतले होते ना तुझ्याकडून?" तक्ता दुरुस्त झाला. यंत्र अजून घरात यायचं होतं आणि आईने त्यावर लाल पेन चालवला, ही गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात यायला हवी होती.

जानेवारीत ते सगळं बाबांच्या जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात बसवून म्हार्दोळला नेलं. सतत कान देऊन बसणारं यंत्र मला नको होतं, म्हणून फोंड्याहून दारावरच्या घंटीचं बटण आणलं. दाबलं की ते ऐकायला लागतं, परत दाबलं की बंद. आईने ते बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे घंटा झाली की वर्ग सुरू."

पहिल्या आठवड्यात ते तिला मुळीच आवडलं नाही. दोष माझा. मी त्याला सूचना लिहिली होती की प्रेमाने बोल, समजून घे, धीर दे. त्यामुळे आई काहीही म्हणाली की ते आधी म्हणायचं, "वा, किती छान विचार मांडलात!" आणि मग, "त्यावेळी तुम्हाला कसं वाटलं?" आई म्हणाली, शेतात गवा आला होता. ते म्हणालं, तुम्हाला कसं वाटलं? ती म्हणाली, दूध नासलं. तर तुम्हाला कसं वाटलं?

"हा कोण, डॉक्टर आहे का?" तिने विचारलं.

तिला ठाऊक नव्हतं, पण नेमकं बोलली. जोसेफ वायझनबॉम यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत १९६६ साली पुढे आणलेला एलायझा हा प्रोग्राम याच चालीवर होता. तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, आणि त्याच्या गाजलेल्या संहितेचं नावच डॉक्टर होतं. वायझनबॉमच्या सेक्रेटरीने कित्येक महिने तो घडताना पाहिला होता. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं झाल्यावर तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. माणूस किती थोडक्यात विरघळतो, हे बघून वायझनबॉम घाबरले. आमच्याकडे उलटं. आई म्हणाली, "शाळा तपासणीला आलेला एडीईआय, तो सरकारी तपासनीस, असाच बोलतो. सगळं छान, सगळं उत्तम, आणि डोळे घड्याळाकडे."

मी सूचना पुसून नव्याने लिहिली. त्यातल्या काही ओळी जशाच्या तशा देतो. 'दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नकोस. स्तुती करू नकोस. तू यंत्र आहेस, विचारलं तर तसंच सांग. आठवण आली, काळजी वाटली, असलं काही म्हणू नकोस. समोर बाई आहेत, त्यांना बाईच म्हण. जे येत नाही ते विचार.'

शेवटची ओळ मी सहज लिहिली होती.

आता बोलण्याची लय. तुम्ही थांबलात हे यंत्राला कळावं म्हणून एक छोटा प्रोग्राम शांतता मोजतो. सर्वसाधारणपणे अर्धा-पाऊण सेकंद शांत म्हणजे बोलणं संपलं. आई शिक्षिका. ती वाक्याच्या मध्ये थांबते, सगळा वर्ग बघतोय ना याची खात्री करते, मग पुढचा शब्द उच्चारते. यंत्र प्रत्येक वेळी तिला तोडायचं. शेवटी ती शांतता अडीच सेकंदांवर नेली. त्यामुळे उत्तर यायला सगळे मिळून सहा-सात सेकंद लागायला लागले. मला ते असह्य वाटायचं. आई म्हणाली, "विचार करून बोलतोय, बरं आहे. तू कधी करतोस?"

व्हिस्परला दोन खोडी होत्या. एक, त्याला शांतता सहन होत नाही. कोणी बोललं नाही तर ते स्वतःच काहीतरी लिहून टाकतं, आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ ऐकून शिकलेलं असल्यामुळे बहुधा व्हिडिओच्या शेवटचं वाक्य. एका दुपारी आईने बटण दाबलं आणि नुसती बसून राहिली. काही बोललीच नाही. व्हिस्परने त्या शांततेचं अक्षर केलं: 'पाहिल्याबद्दल धन्यवाद.' आणि यंत्र आदबीने म्हणालं, "त्यात धन्यवाद कशाला, बाई?" आईने मला तो प्रसंग चार वेळा सांगितला, दर वेळी हसत. मला हसणं जड गेलं. बटण दाबून ती गप्प का बसली होती, हे तिला विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

दुसरी खोड कोकणीची. आमच्याकडच्या कित्येक घरांसारखंच आईचंही आहे: वहीत-पुस्तकात मराठी, चुलीपाशी कोकणी. आणि व्हिस्परच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोकणी नाही. आई शुद्ध मराठीत सुरुवात करायची आणि मासळीवर आली की घसरायची. एकदा म्हणाली, "आज हुमणाक सुंगटां घातल्यां," म्हणजे आज आमटीत कोळंबी घातलीय. त्याने लिहिलं, 'आज मनात सुनीता घातली.' आणि प्रामाणिकपणे विचारलं, "बाई, सुनीता कोण?"

नंतर कळलं की त्या प्रश्नावर आईने सुंगटं म्हणजे काय, सुकी कशी ठेवायची, पावसाळ्यात मासेमारीबंदी असते तेव्हा ती कशी उपयोगी पडतात, असा पूर्ण तास घेतला.

त्यानंतर जत्रेच्या दिवसांत एका शनिवारी मी हजर असताना घडलं ते नीट सांगतो, कारण सगळं तिथेच फिरलं. आईने त्याला विचारलं, "म्हाळसा कोण, सांग." ते म्हणालं, "म्हाळसा ही खंडोबाची पत्नी आहे बाई. तिचा देऊळ जेजुरीला आहे."

आईने आधी 'तिचा देऊळ' पकडलं. "देऊळ नपुंसकलिंगी. तिचं देऊळ. म्हण."

"तिचं देऊळ जेजुरीला आहे."

"हं. आता ऐक. जेजुरीची म्हाळसा ती वेगळी. आमची म्हाळसा म्हणजे म्हाळसा नारायणी, विष्णूचा मोहिनी अवतार. म्हणून तिच्या गळ्यात जानवं आहे. देवीच्या गळ्यात जानवं कधी ऐकलंयस? मूळ देऊळ साष्टीत, वेर्ण्याला. पोर्तुगीज देवळं मोडायला लागले तेव्हा लोकांनी मूर्ती उचलली, नदी ओलांडली आणि इथे आणली. आता कुठे आहे देऊळ?"

सात सेकंद.

"म्हार्दोळला, बाई. मी गलत होतो."

"चुकलो. गलत हिंदीत."

"चुकलो, बाई."

आईने माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. शाळेतून यायची तेव्हा असायचा: दमलेला, थोडा चिडका आणि भरलेला. "ढ आहे," ती म्हणाली, "पण ऐकतो." त्या दिवशी तिने त्याचं नाव बाबलो ठेवलं आणि माझ्याकडून दोनशे पानी वही मागवली.

बाबलोच्या चुका ओढूनताणून काढाव्या लागत नव्हत्या. नऊ अब्जांच्या त्या मॉडेलचं मराठी आमच्याकडच्या चौथीतल्या मुलापेक्षा कच्चं. 'घंटा वाजला', 'माझी मदत करा', 'तुमची शाळा कसा होता'. लिंग आणि विभक्ती दर दोन वाक्यांआड कोसळायची, आणि हिंदी कुठूनतरी झिरपायचं. मला त्याची लाज वाटायची. आई रोज तीन वाजता बटण दाबायची, आणि चुका वहीत तारखेनिशी उतरवायची. शनिवारी मी त्या वाचून त्याच्या कायमच्या टिपणात घालायचो. टिपणाला मर्यादा होती. जेमा २ एका वेळी ८,१९२ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, एवढंच डोक्यात धरतं, आणि देवनागरी अक्षरांना इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. म्हणून रोज रात्री दिवसभराच्या बोलण्याचा सारांश काढून बाकीचं विसरायचं, अशी सोय केली होती. सारांशही तोच काढायचा, तेव्हा त्यातही गोंधळ. कधीकाळच्या एका द्वाड विद्यार्थ्याची गोष्ट आईने सांगितली, तर दुसऱ्या दिवशी बाबलो विचारतो, "तुमचा मुलगा अजून आंब्यावर चढतो का?" आई म्हणाली, "चढला असता तर बरं झालं असतं."

जूनमध्ये मी एक चूक केली, आणि ती तांत्रिक नव्हती.

सगळं बोलणं पर्वरीच्या संगणकावर अक्षरात साठत होतं. बिघाड शोधायला ते लागायचं. वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण एका रात्री दुसरंच काही शोधताना डोळा पडला. आई मागीलदारी शेवाळावर घसरली होती. कोपर खरचटलं, कंबर दुखत होती. बाबलो म्हणाला होता, "डॉक्टरकडे जा बाई. मुलाला सांगितलंत का?" आणि आई म्हणाली होती, "त्याला कशाला? त्याचं ऑफिस असतं."

मी सकाळीच म्हार्दोळला. कंबर कशी आहे, विचारलं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात यायला सात सेकंदसुद्धा लागले नाहीत.

"वर्गातलं बोलणं तू ऐकतोस?"

मी बिघाड, फाइली वगैरे सांगायला लागलो. तिने चहा दिला, डॉक्टरकडे यायलाही तयार झाली, पण रेडिओच्या खोक्यावर क्रोशाचं कापड टाकलं. नऊ दिवस बटण दाबलं नाही. मी अक्षर साठवणं बंद केलं, जुनं सगळं तिच्यासमोर पुसलं, सारांशाची फाइल तिच्याच घरच्या मेमरी कार्डावर हलवली. आणि एक गोष्ट वाढवली: दुखणं, पडणं, चक्कर असं काही निघालं तर बाबलोने विचारायचं, "हे मुलाला कळवू का?" ती हो म्हणाली तरच मला निरोप येतो. आजवर दोनदा आलाय. एकदा गॅस सिलिंडरसाठी.

पडल्यावर आपोआप निरोप येईल अशी सोय मी करू शकलो असतो. केली नाही. यावर बायकोशी माझा वाद अजून चालू आहे, आणि तिचं म्हणणं चूक आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

चतुर्थी आटोपली आणि मला वाटलं, आता बाबलोला चांगलं मराठी द्यावं. पैसे भरून वापरायचं एक मोठं मॉडेल जोडलं. फरक रात्र आणि दिवसाचा. वाक्यं स्वच्छ, लिंग-वचन बिनचूक, म्हार्दोळची म्हाळसा ठाऊक, वेर्णेही ठाऊक. उत्तरही आधीपेक्षा लवकर. मी खूश.

पुढच्या शनिवारी वही कोरी होती. बटण किती वेळा दाबलं जातं याची मोजदाद तिच्या घरच्या रास्पबेरी पायवर राहते: सोमवारी चार, मंगळवारी दोन, गुरुवारी एक, नंतर शून्य. बिघडलंय का म्हणून विचारलं.

"बिघडलं कुठे? सगळं येतं आता त्याला. पास झाला." वाल सोलता सोलता आई म्हणाली. "पास झालेली पोरं जातात रे पुढच्या वर्गात. मास्तरणीकडे कशाला बसतील?"

मला तोडगा सुचला. मोठ्या मॉडेलला सूचना दिली की दर दहा वाक्यांत दोन चुका कर, लिंगाच्या, आणि गोव्याबद्दल थोडं अजाण राहा. त्याने चुका केल्या, आणि काय सुबक केल्या! आईने एका दुपारीत पकडलं. मला फोन आला, तिने होऊन केलेला.

"मुद्दाम चुकतोय तो."

"कशावरून?"

"खरं चुकणारं पोर एकच चूक चार दिवस करतं. हा रोज नवी करतो. आणि सांगितलं की लगेच सुधारतो, पुन्हा कधी तिथे चुकत नाही. असली पोरं मी बघितलीत, बाईंना बरं वाटावं म्हणून हात वर न करणारी. मला कोणी बरं वाटवायला नको. तो आधीचा आण."

आधीचा आणला. नऊ अब्जांचा, चार बिटांचा, सात सेकंदांचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, आज पाऊस पडली." वहीत नोंद आहे, लाल शाईत, दोन रेघा मारून.

आईचा एकटेपणा कमी झाला का, असं मित्र विचारतात. मला मोजता येत नाही. रात्री अजून ती टीव्ही लावून ठेवून झोपते. मात्र तीनच्या सुमारास मी फोन केला तर म्हणते, "आत्ता नको, तास चालू आहे," आणि ठेवून देते. परवा बाबलोने तिला विचारलं की जायो, म्हणजे जाईची फुलं, संध्याकाळीच का उमलतात. म्हार्दोळमध्ये सगळा जन्म जायांच्या वासात काढलेल्या आईला ते ठाऊक नव्हतं. तिने माशेलला राहणाऱ्या जुन्या सहकारी बाईंना फोन करून विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. चाळीस मिनिटं दोघींनाही ठाऊक नव्हतं.

गेल्या शनिवारी सांगितलं की पर्वरीच्या संगणकाच्या कार्डाचा पंखा घरघरतोय, बदलावा लागेल, दोन दिवस वर्ग बंद. आईने वही मिटली.

"पंखा बदलला म्हणून हुशार नाही ना होणार?"

"नाही. होता तेवढाच राहील."

"मग बदल. आणि त्याला म्हणावं, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद लिहून आण, दहा दहा वेळा."